अपठित कवितेचे विश्लेषण

पाठ्यपुस्तकात नसलेली, वर्गात न शिकवलेली कविता प्रश्नपत्रिकेत छापून देऊन तिच्यावर लिहायला लावण्याची साहित्याच्या परीक्षेतील पद्धत. हाताशी गाइड नाही, बाईंच्या टिपा नाहीत, कवीविषयी माहितीही बहुधा नाही. समोरच्या ओळींचा अर्थ लावायचा आणि तो कोणत्या शब्दांमुळे लागला हे दाखवून द्यायचे, एवढेच परीक्षार्थीकडून अपेक्षित असते. कविता आवडली की नाही, हा प्रश्न नसतो.

या पद्धतीचे आधुनिक रूप केंब्रिजमध्ये घडले. १९२० च्या दशकात तेथील इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स आपल्या व्याख्यानांच्या श्रोत्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाटत आणि आठवडाभराने त्यांचे लेखी अभिप्राय गोळा करत. अशा १३ कवितांवरचे अभिप्राय त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात छापले. नाव झाकल्यावर जे झाले ते गमतीचे होते. लाँगफेलोसारख्या प्रतिष्ठित कवीची कविता बहुतेकांनी झिडकारली, तर सामान्य कवितांना भरभरून दाद मिळाली. लिहिणारे बरेचसे इंग्रजी साहित्याचेच विद्यार्थी होते, तरी अनेकांची गाडी साध्या वाच्यार्थापाशीच अडली होती. कवितेऐवजी स्वतःच्या आठवणींत रमणे आणि ठरावीक शब्द दिसताच ठरावीक भावना उमटणे, या दोन खोडी रिचर्ड्सनी त्यात नेमक्या टिपल्या. आजच्या उत्तरपत्रिकांतही त्या सापडतात.

इंग्लंडमध्ये हा प्रकार शाळेपर्यंत पोहोचला आहे. तेथील एक्यूए या परीक्षा मंडळाच्या जीसीएसई (साधारण आपल्या दहावीसारखी शालेय परीक्षा) इंग्रजी साहित्याच्या दुसऱ्या पेपरात ९६ पैकी ३२ गुण अपठित कवितांना आहेत. पहिल्या कवितेवर २४ गुणांचा प्रश्न असतो, मग दुसरी कविता देऊन दोन्हींची तुलना ८ गुणांना विचारतात. ते ८ गुण केवळ कवींनी वापरलेल्या पद्धतींच्या तुलनेचे असतात. कवीचा काळ किंवा चरित्र लिहिण्याला या भागात गुण नाहीत.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या मराठीत याचा जवळचा नातेवाईक म्हणजे रसग्रहणाचा प्रश्न. त्यात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे धरून लिहायचे असते. पण ओळी पुस्तकातल्याच येत असल्याने गाइडमधले रसग्रहण पाठ करून चालते. ‘कवीने साध्या, सोप्या भाषेत आशय पोहोचवला आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली लिहिता येते, म्हणूनच ते कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नाही. अपठित कवितेपुढे ही शिदोरी उपयोगी पडत नाही.

मदतीला येतो तो जुना अन्वय, म्हणजे कवितेतले शब्द गद्याच्या सरळ क्रमाने लावून वाक्य जुळवणे. कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ याने आपली प्रतिज्ञाच सांगून ठेवली आहे: सारे अन्वयाच्या वाटेने उलगडीन, मुळात नाही ते लिहिणार नाही आणि नको ते बोलणार नाही. परीक्षार्थीला याहून नेमकी सूचना मिळणे कठीण.

उदाहरणाला बालकवींची ‘औदुंबर’ घेता येईल. मराठी वाचकाला ती अपठित नाही, तरी शीर्षक आणि कवीचे नाव हाताने झाकून तिच्या आठ ओळी वाचून पाहाव्यात. आधी अन्वय: पहिल्या ओळीत दोन्ही तटांवर हिरवाळी आहे, पण ती घेऊन वाहणारा झरा दुसऱ्या ओळीत भेटतो. मग क्रियापदे. झरा वाहतो, पायवाट अडवीतिडवी पडते आणि कुरणातून डोहाकडे चालते, काळिमा लाटांवर पसरतो. जो तो कुठेतरी निघालेला आहे. शेवटच्या ओळीत मात्र ‘बसला’ येते आणि हालचाल थांबते. रंगही असेच सरकतात: निळासावळा, हिरवा, पांढरा आणि अखेर काळा. नजर पैल टेकडीवरून शेतमळ्यांतून उतरत पाण्याशी येते. इतका वेळ ज्याचा पत्ता नव्हता तो औदुंबर कवितेचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येतो.

‘पाय टाकुनी जळांत’ यात चेतनगुणोक्ती अलंकार आहे. नुसते नाव लिहून थांबणारे उत्तर अर्धेच राहते. झाड माणसासारखे, तेही काठावर निवांत टेकलेल्या माणसासारखे दिसू लागते, हे त्या अलंकाराचे काम. ‘असला’ हा शब्दही दुहेरी आहे: ‘बसलेला आहे’ आणि ‘असा हा’. दोन्ही अर्थ नोंदवावेत, एकाचा बळी देऊ नये. मात्रा मोजल्या तर ८-८-११ अशी चाल जवळजवळ सर्वत्र मिळते. गणित करून दाखवण्यापेक्षा ती संथ, सारखी लय चित्राला कशी साजते, हे एका वाक्यात सांगितलेले बरे.

आता रिचर्ड्सनी टिपलेल्या त्या खोडी. औदुंबर म्हटले की दत्तगुरू आठवतात, आणि पेन थेट विरक्तीवर जाते. कवीचे नाव कळले तर आणखीच पंचाईत. बालकवी १९१८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, जळगावजवळ भादलीला रेल्वे अपघातात गेले. एवढे ठाऊक असले की काळा डोह म्हणजे मृत्यूच, असे वाटू लागते. तो अर्थ निषिद्ध नाही, पण कवितेत ‘गोड काळिमा’ आहे. त्या ‘गोड’चे काय करायचे, हे ज्या उत्तरात नाही ते उत्तर कवितेचे नसून चरित्राचे झाले.

या पद्धतीवरचा आक्षेपही याच झाडाखाली उभा आहे. दत्ताचे स्थान म्हणून औदुंबर ज्याला माहीतच नाही, त्याला ते फक्त नदीकाठचे उंबराचे झाड दिसेल, आणि तेवढ्याने कवितेतले काहीतरी हातून निसटेल. शब्दांचे अर्थ तळटीपेत देता येतात. झाडाभोवतीची श्रद्धा तळटीपेत मावत नाही. म्हणून अपठितासाठी कविता निवडणे हे उत्तर तपासण्याइतकेच नाजूक काम आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.