'३७७ गेलं' आणि 'लग्नाला मान्यता मिळाली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ रद्द झालं म्हणजे समलिंगी जोडप्यांना आता लग्न करता येतं, अशी समजूत ठाण्यात सोसायटीच्या ऑफिसापासून बँकेच्या काउंटरपर्यंत भेटते. उलट समजही तितकाच पक्का असतो: लग्नाला परवानगी नाही, म्हणजे एकत्र राहणंही बेकायदा. दोन्ही चूक. आणि या चुकीचा फटका बसतो तो दोघांतला एक जण अचानक आजारी पडला किंवा गेला तेव्हा, मागे राहिलेल्याला.

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. बाकीचं कलम तसंच राहिलं आणि १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तेव्हा संपूर्ण गेलं. (पुरुषावर झालेल्या लैंगिक बळजबरीसाठी वापरता येणारं कलमही त्यासोबत गेलं. ही उणीव गंभीर आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.) थोडक्यात, एका घरात राहिलात म्हणून पोलीस तुम्हाला पकडू शकत नाहीत.

लग्नाचा निकाल वेगळा आहे: सुप्रियो खटला, १७ ऑक्टोबर २०२३. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. नागरी भागीदारीची (लग्नाशिवाय जोडपं म्हणून कायदेशीर मान्यतेची) मागणी तीन विरुद्ध दोन अशी फेटाळली गेली आणि फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ असं लिहिलेलं आहे, त्यामुळे विवाह नोंदणी कार्यालयात दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची नोटीस घेतलीच जात नाही. याच निकालाने एक गोष्ट स्पष्ट केली, ती मात्र बरेच जण विसरतात: जोडपं स्त्री-पुरुष असेल आणि त्यातली एक व्यक्ती ट्रान्सजेंडर असेल, तर ते आजच्या कायद्यानेच लग्न करू शकतात.

गुन्हा पुसला जाणं आणि नातं मान्य होणं यांत जगभर मोठी अंतरं पडली आहेत. फ्रान्सच्या १७९१ च्या दंडसंहितेत हा गुन्हा उरला नाही, पण भागीदारीची नोंद १९९९ ला आणि लग्न २०१३ ला आलं. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीचा १५३३ चा कायदा हा आपल्या १८६० च्या ३७७ चा पूर्वज. तिथे १९६७ ला २१ वर्षांवरच्या पुरुषांना खासगीत मोकळीक मिळाली, लग्न मात्र २०१४ मध्ये. सिंगापूरने तर २०२२ मध्ये एकाच वेळी दोन्ही केलं: तिथलं असंच कलम ३७७ अ रद्द केलं आणि लग्नाच्या व्याख्येला न्यायालयात आव्हान देता येऊ नये म्हणून राज्यघटनाही बदलली.

याच्या नेमका उलट प्रकारही इतिहासात आहे. पंधराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये दोन पुरुष नोटरीपुढे, साक्षीदारांदेखत बंधुत्वाचा करार करत: भाकरी एक, वाइन एक, पैशाची थैली एक. मालमत्ता सामाईक होई, एकामागे दुसरा वारस. बरेच करार सख्ख्या भावांचे होते, पण नातं नसलेल्या पुरुषांचेही सापडतात आणि त्यांतले काही प्रेमिक असावेत, असं इतिहासकार अॅलन टुलचिन मांडतात. त्याच देशात त्याच काळात पुरुषांमधल्या शरीरसंबंधाला जाळून मारण्याची शिक्षा होती. म्हणजे घराला मान्यता आणि शय्येला देहदंड. केनियातल्या नांदी समाजात मुलगा नसलेली प्रौढ बाई वधूमूल्य देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावते. त्या बाईची मुलं हिची वारस ठरतात. या लग्नात शरीरसंबंध अपेक्षितच नसतात, त्यामुळे समलिंगी प्रेमाचा पुरावा म्हणून ते दाखवणं बरोबर नाही.

आता ठाणे-नवी मुंबईत आज हातात काय आहे ते पाहू. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं की जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा त्याला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. खातं उघडताना 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' हा पर्याय निवडा. 'दोघांच्या सह्या' निवडलंत तर एक जण गेल्यावर खातं अडकतं.

खरी गफलत होते नॉमिनेशनमध्ये. सोसायटीत नॉमिनी केलेल्याला तात्पुरतं सदस्य करून घेतात, पण फ्लॅटची मालकी वारसांची. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आई, पत्नी, मुलं पहिल्या वर्गातले वारस. जोडीदाराचं नाव कुठेच नाही. आयुर्विम्यात आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तरच रक्कम त्यांच्या हक्काची होते. जोडीदार ती घेऊन वारसांना देणारा मधला माणूस. पीएफमध्ये आणखी अडचण: अवलंबून असलेले आई-वडील 'कुटुंब' धरले जातात, आणि कुटुंब असताना बाहेरच्याच्या नावाचं नॉमिनेशन अवैध ठरतं. बक्षीसपत्राचाही (हयातीतच घर दुसऱ्याच्या नावे करण्याचा दस्त) उपयोग मर्यादित, कारण राहत्या घरासाठीची २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत पती-पत्नी, मुलं, नातवंडं अशा नात्यांनाच आहे.

म्हणून मृत्युपत्र करा, दोघांनी वेगवेगळं. त्यावर मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. फ्लॅट क्रमांक, शेअर सर्टिफिकेट क्रमांक, खाती, पॉलिसी, सगळं स्पष्ट लिहा. सिडकोच्या भूखंडावरचं घर असेल तर ते भाडेपट्ट्याचे हक्क आहेत, हेही लिहा, कारण पुढे सोसायटीसोबत सिडकोच्या दप्तरीही नाव बदलावं लागतं. घर दोघांनी मिळून घेताना खरेदी करारातच प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत टाका, म्हणजे वाद झाला तरी गेलेल्याच्या हिश्श्यापुरताच होतो.

दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहून मग स्वतः सही करायची असते. जोडीदाराला साक्षीदार करू नका, वकिलाकडे मसुदा सांगायलाही त्याला पाठवू नका. ज्याला मिळणार आहे त्यानेच धावपळ केलेली दिसली की न्यायालय संशयाने पाहतं आणि नातेवाइकांचं काम सोपं होतं. सहीच्या दिवसाचं डॉक्टरांचं मानसिक स्वास्थ्याचं प्रमाणपत्र जोडा. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून तरुण आणि इथेच राहणारे निवडा. दहा-पंधरा वर्षांनी त्यांना न्यायालयात उभं राहावं लागू शकतं.