हरितगृहातील काकडी : पानांवरून निदान

पॉलिहाऊस, शेडनेट किंवा काचगृहात घेतलेल्या काकडीच्या पानांचा रंग, ठिपके, मुरडणे, वाळणे यांवरून बिघाडाचे मूळ कारण ओळखण्याची पद्धत. हे कारण रोग, कीड, अन्नद्रव्याची कमतरता, पाण्याचा दोष किंवा फवारणीची इजा यांपैकी काहीही असू शकते. काकडी (शास्त्रीय नाव कुकुमिस सटायव्हस) ही मूळची हिमालयाच्या पायथ्याकडची वेल. हरितगृहात मात्र प्रामुख्याने मादी फुलेच देणाऱ्या आणि परागीभवनाविना फळ धरणाऱ्या जाती लावतात. नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची ‘पुसा सीडलेस काकडी-6’ ही बिनबियांच्या काकडीची देशी जात. या वेलींवर पेरापेराला फळ धरते. पाने रुंद, पातळ आणि पाणीदार असतात, त्यामुळे मुळाशी किंवा हवेत काही बिनसले की पानावर ते लगेच उमटते. अडचण एवढीच की दहा निरनिराळ्या कारणांनी पान सारखेच पिवळे पडते.

म्हणून डाग कसा आहे हे पाहण्याआधी तो कुठे आहे हे पाहावे. नत्र, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये वेलीत फिरती असतात. तुटवडा पडला की वेल ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते, म्हणून आधी खालची पाने पिवळी होतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन फारसे हलत नाहीत, त्यांची उणीव बहुधा शेंड्याकडे दिसते. दुसरी खूण हरितगृहातल्या जागेची. दाराजवळच्या चार वेलींवर सुरुवात झाली तर कीड बाहेरून आत आली असावी. ठिबकच्या शेवटच्या टोकाला त्रास असेल तर आधी तिथले पाणी मोजावे. सगळ्या ओळींत एकाच उंचीच्या पानांवर रातोरात डाग आले तर ते रोगाचे काम नव्हे. रोग ठिकठिकाणी सुरू होतो आणि तिथून वाढत जातो.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त दगा देतो तो केवडा हा रोग, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. याचा कारक स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस. त्याचे वर्णन 1868 मध्ये क्युबातल्या नमुन्यांवरून झाले आणि नावातही तो देश राहिला. हा जीव बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशीत मोडत नाही, म्हणूनच भुरी या पिठूळ बुरशीवर चालणारी कित्येक औषधे याच्यावर चालत नाहीत. रुजायला त्याला पानावर काही तास टिकणारा ओलावा लागतो, आणि 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. हिवाळ्याच्या रात्री पडदे बंद असले की प्लॅस्टिकला आतून दव धरते आणि पहाटे ते थेंबथेंब पानांवर गळते. रोगाला याहून चांगली सोय नाही. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे डाग येतात. शिरांनी अडवल्यामुळे ते कोनाकोनाचे, फरशीच्या तुकड्यांसारखे दिसतात.

पक्की खूण पानाच्या पाठीवर असते आणि ती सकाळीच सापडते. सात-साडेसातला, पान अजून ओले असताना, डागाची मागची बाजू भिंगाखाली धरावी. करड्या-जांभळट रंगाची बारीक लव दिसली की केवडा. ऊन चढून पान सुकले की हीच लव दिसेनाशी होते, म्हणून अकरा वाजता पाहणी करणाऱ्याला ‘काही नाही’ असे वाटते. शंका राहिली तर संशयित पान ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर सावलीत ठेवावे. केवडा असेल तर सकाळी डागाच्या मागे लव उगवलेली असते. या घरगुती चाचणीला खर्च नाही, आणि तिने कितीतरी चुकीच्या फवारण्या वाचतात.

केवड्याशी गोंधळ होतो तो जिवाणूजन्य कोनीय ठिपक्यांचा. स्यूडोमोनास सिरिंजे या जिवाणूच्या ज्या प्रकाराने हे ठिपके पडतात त्याचे नाव ‘लॅक्रिमन्स’, म्हणजे अश्रू ढाळणारा. दमट सकाळी डागाखाली चिकट थेंब येतात आणि वाळल्यावर पांढरी खपली उरते. इथे लव नसते. पुढे डागाचा मधला भाग गळून पानाला भोके पडतात. हा रोग बियाण्यातूनही येतो.

भुरी ओळखायला सोपी. पानावर पिठूळ पांढरे गोल ठिपके येतात, आधी जुन्या आणि सावलीतल्या पानांवर. तिला पानावरचे पाणी लागत नाही, त्यामुळे कोरड्या दिवसांतही ती पसरते. फॉगरच्या, म्हणजे हवेत धुके सोडणाऱ्या फवाऱ्याच्या, क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग पाहून मात्र अनेकजण फसतात. क्षार बहुधा पानाच्या वरच्या बाजूलाच साचतात. भुरीचे गोल पाठीवर आणि देठावरही असतात.

पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट बिंदू दिसले आणि पान निस्तेज, धुरकट वाटले तर लाल कोळी समजावी. पानाखाली पांढरा कागद धरून पानाला टिचकी मारावी. कागदावर पडलेली धूळ चालू लागली तर ती धूळ नव्हे. जाळी दिसेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. उष्ण-कोरड्या दिवसांत कोळीची पिढी साधारण आठवड्याभरात पुरी होते. फुलकिड्यांचे ओरखडे चंदेरी असतात आणि त्यांत विष्ठेचे काळे ठिपके असतात. नागअळीची नागमोडी रेघ कुणालाही कळते.

विषाणूची लक्षणे बहुधा नव्या पानांत उठून दिसतात : गर्द आणि फिकट हिरव्याची सरमिसळ, फोड आल्यासारखे उंचवटे, आखडलेला शेंडा. काकडीचा मोझॅक विषाणू 1916 मध्ये वर्णिला गेला, तो माव्यामार्फत पसरतो. पांढऱ्या माशीमार्फत येणारा टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली विषाणू वेलवर्गीय पिकांतही पाने मुरडवतो. इंग्लंडमध्ये 1935 साली वर्णिलेला हिरव्या चट्ट्यांचा मोझॅक निराळा. तो बियाण्यातून येतो आणि पुढे माणसांच्या हातांनी, कात्रीने, बगलफुटी (पानाच्या बगलेतले फुटवे) काढताना लागलेल्या रसाने पसरतो. कामगार ज्या ओळीने चालतात त्याच ओळीने आजारी वेली दिसू लागल्या तर त्याचाच संशय घ्यावा. विषाणूवर औषध नाही. वेल उपटून पिशवीत भरूनच बाहेर न्यावी आणि हात साबणाने धुवावेत.

अन्नद्रव्यांत मॅग्नेशियमची कमतरता वारंवार भेटते, तीही ऐन तोडणीत. खालच्या आणि मधल्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. फळांचा भार हे एक कारण, आणि ठिबकमधून सढळ हाताने सोडलेले पालाश हे दुसरे, कारण जास्तीचे पालाश मॅग्नेशियमला मुळांत शिरू देत नाही. हेच चित्र शेंड्याच्या पानांवर असेल तर लोहाकडे पाहावे. महाराष्ट्रात अनेक पॉलिहाऊसमध्ये बाहेरून आणलेल्या लाल मातीचे वाफे असतात, पण बोअरचे पाणी बायकार्बोनेटयुक्त असेल तर मातीचा सामू (पीएच) चढतो आणि जमिनीतले लोह वेलीला मिळेनासे होते. कोवळी पाने छत्रीसारखी खाली वळून कडेने करपली तर कॅल्शियम कमी पडते आहे. अशा वेळी कॅल्शियम नायट्रेट वाढवून बहुधा काही साधत नाही. बंद, दमट हवेत पानातून बाष्प निघत नाही, म्हणून कॅल्शियम वरपर्यंत पोहोचत नाही. पडदे उघडणे हाच तिथे उपाय.

दुपारी माना टाकणाऱ्या वेलींचे निदान पानावर होत नाही. आठवडाभराच्या झडीनंतर कडक ऊन पडले की निरोगी वेलही एक-दोन दिवस मलूल होते आणि मग सावरते. रोजच असे होऊ लागले तर एक वेल मुळासकट काढावी. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आहेत. वर्षानुवर्षे त्याच वाफ्यांत काकडी घेतली की त्यांची संख्या वाढत जाते.

पान पिवळे दिसताच बुरशीनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि टॉनिक एकाच पंपात कालवून मारण्याची सवय निदानाच्या मुळावर येते. वेल सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि करपली तर नवे लक्षण जुन्यावर चढते. वेलवर्गीय पिके गंधकाला नाजूक असतात. कडक उन्हात मारलेल्या गंधकाने पाने भाजतात आणि तो करपा समजून पुन्हा फवारणी होते. म्हणून फवारणीची तारीख, औषध आणि त्या दिवसाचे तापमान वहीत लिहिलेले असावे.

प्रयोगशाळेत पाठवायचे पान पूर्ण वाळलेले नसावे, कारण मेलेल्या भागावर भलत्याच बुरशी वाढतात. रोगाच्या तपासणीसाठी डागाची वाढती कड असलेली पाने कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी रवाना करावीत. अन्नद्रव्यांच्या तपासणीसाठी शेंड्याकडून साधारण पाचवे, नुकतेच पूर्ण वाढलेले पान घ्यावे, आणि शेजारच्या निरोगी वेलीची तशीच पाने वेगळ्या पाकिटात, नाव घालून, सोबत द्यावीत.