झोटेरोचा ग्रुप आणि हायपोथिसिसचा ग्रुप: एकत्र साठवणं वेगळं, एकत्र वाचणं वेगळं

पीएच.डी.ला नोंदणी केलेली मुलं हल्ली हमखास विचारतात, “सर, झोटेरोवर आपला ग्रुप आहेच, मग हायपोथिसिसवर आणखी एक कशाला?” झोटेरो हे संदर्भ आणि त्यांच्या फाइली सांभाळायचं सॉफ्टवेअर, हायपोथिसिस हे वेबपानावर किंवा पीडीएफवर मिळून टिपणं लिहायचं. प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडे ग्रुप काढता येतो, पीडीएफमधल्या ओळीला रंग देता येतो, बाजूला टिपण लिहिता येतं, आणि सुरुवातीला दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. पण एका ठिकाणी आपण कागद एकत्र ठेवतो आणि दुसऱ्या ठिकाणी मजकूर एकत्र वाचतो. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, संशोधक विद्यार्थ्याचं अडतं ते बहुतेकदा या दुसऱ्या कामाशी, आणि हातात साधन असतं पहिल्या कामाचं.

झोटेरो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून निघालं. त्याचं मूळ काम संदर्भ सांभाळण्याचं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला प्रबंध असो की एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-नियतकालिकांच्या योजनेतून उतरवलेला लेख, लेखक, वर्ष, पान यांसकट तो एका जागी राहतो. वर्डमध्ये प्रकरण लिहिताना संदर्भ टाकत गेलं की शेवटची सूची आपोआप तयार होते. ग्रुपमध्ये माणसं कितीही घ्या, फाइलींची जागा मात्र ग्रुप काढणाऱ्याच्या खात्यातून जाते आणि फुकटात ती ३०० एमबीच मिळते. जुन्या गॅझेटियरचे मोठे स्कॅन टाकले की ती भरलीच म्हणून समजा. पण आपल्याकडे त्याचा एक गुण फार मोलाचा आहे. एकदा सिंक झालं की लाइन जावो, नेट जावो, लॅपटॉपच्या बॅटरीवर वाचन आणि टिपणं चालू राहतात, नेट आलं की वर जातात.

दोन्हींची गल्लत व्हायला लागली ती २०२२ पासून. त्या वर्षी आलेल्या झोटेरो ६ मध्ये पीडीएफ वाचायची सोय आतच आली. ग्रुपमधल्या फाइलीवर कोणी रंग दिला, टिपण लिहिलं, की ते इतरांना त्याच्या नावासकट दिसायला लागलं. साहजिकच वाटतं की झालं, हेच एकत्र वाचन. पण त्या टिपणाखाली उत्तर लिहायला जागाच नाही. मैत्रिणीचं म्हणणं खोडायचं असेल तर त्याच ओळीवर आपला वेगळा रंग चढवून वेगळं टिपण लिहावं लागतं. पाच जणांनी तसं केलं की कोणाचं उत्तर कोणाला, हे कळेनासं होतं.

हायपोथिसिस २०११ मध्ये सुरू झालं आणि त्याचा रोख याच्या अगदी उलट आहे. ते फाइल साठवत नाही की संदर्भसूची करून देत नाही. वेबपानावर किंवा पीडीएफवर ते टिपणांचा एक थर पसरतं. शब्द निवडायचे, टिपण लिहायचं, त्याखाली दुसऱ्याने उत्तर द्यायचं, त्या उत्तराला तिसऱ्याने. टिपणासोबत निवडलेले शब्द आणि त्यांच्या मागचा-पुढचा थोडा मजकूरही साठवला जातो, म्हणून वेबपान थोडंफार बदललं तरी टिपण आपली जागा शोधून काढतं.

याचा उपयोग काय, ते एका ओळीवर दाखवतो. २००६ चा वनहक्क कायदा गडचिरोली-चंद्रपुरातल्या समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या मुलांना टाळताच येत नाही. त्याच्या कलम २ मध्ये ‘इतर पारंपरिक वननिवासी’ कोण, याची व्याख्या आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या मुख्यतः वनात राहणारे आणि खऱ्याखुऱ्या उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असलेले, असा तिचा आशय. एका मुलीने ‘तीन पिढ्या’ निवडून विचारलं, पिढी म्हणजे किती वर्षं धरायची? दुसऱ्याने खाली उत्तर दिलं, लगतच्या स्पष्टीकरणात पिढी २५ वर्षांची धरलीय, म्हणजे ७५ वर्षं, म्हणजे १९३० पर्यंत मागे जावं लागणार. तिसऱ्याने हरकत घेतली: ही अट राहण्याची आहे, तोच जमिनीचा तुकडा ७५ वर्षं कसल्याची नाही, तसं कुठे लिहिलंय ते दाखव. आणि चौथीने कलम ४ मधलं तिसरं उपकलम आणून लावलं: ताब्याची अट तिथे आहे, आणि ती फक्त १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याची. वास्तव्याची अट एका कलमात, ताब्याची दुसऱ्यात. कायदा एकट्याने वाचताना दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि प्रबंधात चुकीचं वाक्य जाऊन बसतं. इथे चार जणांनी मिळून ते सोडवलं, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला ती सगळी चर्चा त्या ओळीवरच सापडेल. व्हॉट्सअॅपवर हेच झालं असतं तर संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दबून गेलं असतं.

हे चौघे एका वेळी एका खोलीत बसूच शकत नाहीत, हेही ध्यानात घ्या. एक जण धानाच्या चुरण्यात अडकलेला, एकीच्या घरी मोहफुलांचा हंगाम, तिसरा तासिका तत्त्वावर शिकवायला रोज एसटीने तालुक्याच्या गावी जातो. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्याने वाचावं आणि तरीही बोलणं तुटू नये, ही इथली खरी गरज आहे. आणि मिळून समजून घेण्याची रीत आपल्याला नवीन नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवला. निर्णय ग्रामसभेचा, समजून घेणं अभ्यासगटाचं. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ही तयारी होती.

मला खटकतं ते हे की एकत्र वाचनासाठी चांगलं असलेलं साधन नेमकं आपल्या परिस्थितीत अपुरं पडतं. हायपोथिसिसला नेट सतत लागतं. झोटेरोसारखं ‘आत्ता लिही, नंतर पाठवतो’ असं ते करत नाही. क्रोम ब्राउझरला जोडायचं त्याचं एक्स्टेंशन संगणकावर चालतं, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये नाही, आणि आपल्या बहुतेक मुलांकडे अँड्रॉइडच आहे. वेबवर खुला असलेला लेख एक्स्टेंशनशिवाय टिपणं दाखवणाऱ्या त्यांच्या ‘व्हाया’ या सोयीच्या लिंकने मोबाइलवर उघडता येतो, पण मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर टिपण लिहिण्याची सोय नाही. सुधारणा करायची तर आधी इथे करा: टिपणं मोबाइलवरच लिहून ठेवता यावीत आणि रेंज आल्यावर ती जावीत. झोटेरोवाल्यांकडे मागणं एवढंच, टिपणाखाली उत्तराची एक ओळ द्या.

मराठी मजकुराचं दुखणं आणखी वेगळं. स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द निवडताच येत नाहीत, कारण यंत्राच्या लेखी ते नुसतं चित्र असतं. झोटेरोत निदान चौकट आखून टिपण लावता येतं. ज्या पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बनल्या आहेत, त्यांत अक्षरं डोळ्यांना मराठी दिसतात, पण निवडून दुसरीकडे चिकटवली की भलतीच चिन्हं उमटतात आणि शोध तर लागतच नाही. स्कॅनवर उपाय आहे. ओसीआरमायपीडीएफ नावाचं मोफत साधन टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामची मराठी भाषाफाइल वापरून स्कॅनखाली मजकुराचा थर घालून देतं. जोडाक्षरांत चुका राहतात, तरी ओळ निवडता येते. हे काम फाइल ग्रुपमध्ये टाकायच्या आधी, एकाच माणसाने, एकदाच करायचं.

एकदाच, कारण हायपोथिसिस पीडीएफ ओळखतं ते फाइलीच्या आतल्या ओळखक्रमांकावरून. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर आपापली प्रत उघडली तरी क्रमांक एक असेल तर सगळ्यांची टिपणं एकमेकांना दिसतात. कोणी मध्येच फाइल लहान केली, पानं काढून टाकली, की क्रमांक बदलू शकतो आणि त्याला पान कोरं दिसतं. म्हणून फाइल सगळ्यांनी झोटेरोच्या ग्रुपमधूनच घ्यावी. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पानांचे फोटो नकोत.

आणखी एक सांभाळायचं. हायपोथिसिस उघडलं की वरच्या पट्टीत ‘पब्लिक’ निवडलेलं असतं. ते बदलून आपला ग्रुप निवडल्याशिवाय एक शब्दही लिहू नका, नाहीतर कच्चा विचार सगळ्या जगाला दिसतो. मुलाखत दिलेल्या गावकऱ्याचं नाव टिपणात असेल तर ते आपल्या हातून उघड झाल्यासारखं आहे. तसलं नाव ग्रुपमधल्या टिपणातही नसावं.

प्रकरण लिहायला बसताना दोन्ही जोडून घ्या. हायपोथिसिसच्या प्रत्येक टिपणाला स्वतःची लिंक असते. ज्या चर्चेने आपलं मत बदललं तिची लिंक झोटेरोत त्या लेखाच्या नोंदीखाली चिकटवायची आणि सोबत दोन ओळींत निष्कर्ष लिहायचा. नेट नसलेल्या दिवशी त्या दोन ओळी पुरतात.