उलटी ट्रॉली आणि शेपटीचं चाक

इंदूरच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये नानाकाकांनी भरली ट्रॉली उलटी फिरवली, दांडा पुढे केला आणि दिली ढकलून. आत दहा किलो पोहे होते (आमच्याकडे हा महिन्याचा साधा हिशेब). चार-पाच हात नीट गेली आणि गर्रकन फिरली. "हे ग्राउंड लूप, जमिनीवर धावतानाच विमान असं गर्रकन फिरतं," काका म्हणाले. तरुणपणी ते फ्लाइंग क्लबात पुष्पकवर शिकले. 1958 मध्ये पहिल्यांदा उडालेलं, हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचं हे दोन आसनी विमान. इंजिन जेमतेम 90 अश्वशक्तीचं, आणि तिसरं चाक शेपटीखाली.

गोम आहे गुरुत्वमध्यात. ट्रॉलीची न वळणारी चाकं दांड्याखाली असतात. ती पुढे गेली की वजन त्यांच्या मागे राहतं. पुष्पकचं तसंच. नाक जरा तिरकं झालं की टायर जमिनीला धरून ठेवतात, मागचं वजन मात्र सरळ जाऊ पाहतं, आणि तिरकेपणा वाढतच जातो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाकं वजनाच्या मागे असतात, त्यामुळे ते आपोआप सरळ होतं. वैमानिकाचे पाय झोपले तरी खपतं.

शेपटीच्या चाकाला ते खपत नाही. नाक डावीकडे निघालं की उजवा रडर (शेपटीवरची उभी फळी, पायाने फिरवायची) द्यायचा, पण नाक सरळ येईपर्यंत दाबून धरलात तर फसलात. जडत्वाने ते पलीकडे जातं. म्हणून परत येतानाच पाय सैल करून डावा टेकवायचा. शिलाई मशीनवर बसल्यासारखे पाय सारखे चालू, दाब मात्र बोटभर.

उड्डाणाच्या धावेत शेपूट उचलली की फिरता पंखा भोवऱ्यासारखा वागतो. पंखा वैमानिकाला घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसत असेल, तर नाक डावीकडे ओढलं जातं. पाय आधीच तयार हवा.

ही सवय हवेतही उतरते. डावीकडे वळताना उजव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती फळी, खाली जातं. तो पंख जास्त उचलला जातो, पण त्याला हवेचा अडथळाही जास्त होतो आणि नाक उलट उजवीकडे सरकतं. तिथे डावा रडर लागतो. तो चुकला की समोरच्या काचेच्या नळीतली गोळी मध्यावरून हलते. काका म्हणतात, गोळीकडे बघायची वेळच यायची नाही, विमान घसरतंय हे आधी बुडाला कळायचं.