पार्श्वभूमी : काजळी कोणाची, चुलीची की डिझेलची?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरचं (मोठ्या मच्छीमार बोटीचं) इंजिन सुरू झालं की पहिला भपकारा काळाकुट्ट निघतो. तो हवेत विरला म्हणजे संपला, असं आपण धरून चालतो. हिवाळ्यात मात्र ईशान्येकडचे वारे देशभरची अशी काजळी उचलून कोकण ओलांडतात आणि अरबी समुद्रावर नेऊन पसरतात.

हे मोजलं गेलं 1999 च्या जानेवारी ते मार्चमध्ये, ‘इंडोएक्स’ या हिंदी महासागरावरच्या हवेच्या अभ्यास मोहिमेत. शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन, पॉल क्रुट्झेन आणि सहकाऱ्यांना समुद्रावर धुरकट तपकिरी थर सापडला. कार्बन डायऑक्साइड जमिनीकडून परत जाणारी उष्णता अडवतो. काजळी थेट ऊनच शोषून घेते. त्यामुळे वरची हवा तापते आणि समुद्रापर्यंत ऊन कमी पोचतं. हिमालयात ती बर्फावर बसली की बर्फही लवकर वितळतो.

2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘एशियन ब्राउन क्लाउड’ अहवाल आला आणि वादाला तोंड फुटलं. गरिबांच्या चुलींवर खापर फोडताय का, हा भारतातला सवाल रास्तच होता. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि जे. श्रीनिवासन यांनी अहवालावर जाहीर टीका केली. पुढे नावातला ‘एशियन’ गळाला.

खरा निवाडा करायला सिंहगड कामी आला. कोळसा आणि डिझेल कोट्यवधी वर्षं जुनं असल्याने त्यांच्या काजळीत किरणोत्सारी कार्बन-14 उरलेला नसतो. लाकूड, शेणी, पालापाचोळा यांच्या धुरात असतो. सिंहगड आणि मालदीव इथले नमुने असे तपासून 2009 मध्ये निष्कर्ष निघाला: मोजणीच्या पद्धतीनुसार साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश काजळी जैविक जळणाची, बाकीची खनिज इंधनाची. म्हणजे आपली तरव्याची भाजावळ (भाताची रोपं करायला जमिनीवर पालापाचोळा जाळणं) पहिल्या खात्यात, ट्रॉलर दुसऱ्या.

पण खातं लहान म्हणून डिझेल सुटत नाही. लाकडाच्या धुरात ऊन परतवणारे फिकट कणही भरपूर असतात, डिझेलच्या धुरात ते कमी. त्यामुळे तेवढ्याच काजळीमागे डिझेल जास्त तापवतं, असं मानणाऱ्यांची बाजू मला भक्कम वाटते.

काजळी हवेत जेमतेम आठवडाभर टिकते, पावसात धुऊन जाते; कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. म्हणूनच इथे उपायाचा गुण लवकर येतो. 2020 पासून नव्या गाड्यांना धुराचं कडक मानक बीएस-6 आलं, 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं. बीएस-6 मात्र रस्त्यावरच्या वाहनांपुरतं आहे. मच्छीमार बोटींच्या इंजिनांना ते लागू नाही.