दमसास, वेग आणि शेवटची पंधरा मिनिटे

फुटबॉल सामन्याचे पंचाहत्तरावे मिनिट चालू आहे. उजव्या बगलेचा बचावपटू साठ मीटर धावत पुढे गेला, त्याने गोलसमोर चेंडू टाकला, तो अडवला गेला आणि खेळ क्षणात उलट दिशेला फिरला. आता त्याला तेवढेच अंतर परत कापायचे आहे. तो वळतो, चार-पाच पावले जोरात टाकतो आणि मग पाय जड झाल्यासारखी त्याची धाव मंदावते. बाहेरून पाहणाऱ्याला तो कच खातो आहे असे वाटते; पण इच्छा कितीही असली तरी त्या क्षणी त्याच्या मांडीचे स्नायू तो वेग देऊ शकत नाहीत, आणि ते का देऊ शकत नाहीत हे गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाने बऱ्याच प्रमाणात उलगडले आहे.

अर्धव्यावसायिक खेळाडूला क्लबकडून मानधन मिळते, पण त्याचे घर त्यावर चालत नाही. तो दिवसभर नोकरी किंवा कामधंदा करतो, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव करतो आणि सुटीच्या दिवशी सामना खेळतो. त्याच्यासाठी मैदान लहान होत नाही की सामना नव्वद मिनिटांहून कमी होत नाही. कमी असतात ते तयारीचे आणि विश्रांतीचे तास. म्हणूनच सामना शरीराकडून नेमके काय मागतो हे समजण्याची गरज व्यावसायिक खेळाडूपेक्षा त्यालाच अधिक आहे, असे मला वाटते. ज्याच्याकडे वेळ मुबलक आहे त्याचे एखादे सराव सत्र वाया गेले तरी भरून निघते; याचे निघत नाही.

खेळाडू सामन्यात किती धावतो हे शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न क्रीडाशास्त्रज्ञ टॉम रायली आणि त्यांचे सहकारी थॉमस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील खेळाडूंच्या हालचाली प्रकारांनुसार नोंदवून त्यांनी काढलेली सरासरी ८.७ किलोमीटरच्या आसपास होती. आज अव्वल दर्जाच्या सामन्यात गोलरक्षक वगळता बाकीचे खेळाडू साधारण १० ते १३ किलोमीटर अंतर कापतात. त्यातले अगदी थोडे, सुमारे २ टक्के, अंतर चेंडू पायाशी असताना कापलेले असते. उरलेली सारी धावपळ जागा शोधण्यासाठी, जागा अडवण्यासाठी आणि परत आपल्या ठिकाणी येण्यासाठी असते.

मात्र एकूण अंतराचा आकडा फसवा आहे. दीड तासात दहा किलोमीटर जाणे हे नियमित धावणाऱ्या सामान्य माणसालाही जमते. फुटबॉलचा कस लागतो तो त्या अंतराच्या तुकड्यांमध्ये. खेळाडूची हालचाल दर चार ते सहा सेकंदांनी बदलते: चालणे, हळू धावणे, थांबणे, वळणे, उडी, पूर्ण वेगाची धाव, पुन्हा चालणे. अशा हजाराहून अधिक हालचाली एका सामन्यात होतात, आणि साधारण दीड मिनिटातून एकदा दोन-चार सेकंदांची जोरदार धाव येते. हृदयाच्या ठोक्यांची सरासरी कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे खेळाडू जेव्हा नुसता चालताना दिसतो, तेव्हाही त्याचे हृदय आधीच्या धावेची भरपाई करत असते.

या भरपाईतच खेळाचे मर्म आहे. पूर्ण वेगाच्या धावेसाठी लागणारी ऊर्जा स्नायू प्रामुख्याने आपल्या आतल्या फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या छोट्याशा साठ्यातून आणि ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेच्या, जलद विघटनातून मिळवतो. फॉस्फोक्रिएटिनचा साठा काही सेकंदांत बराचसा खर्च होतो आणि तो पुन्हा भरायला प्राणवायू लागतो. ज्याचा दमसास चांगला त्याचा साठा दोन धावांच्या मधल्या वेळात लवकर भरतो. ज्याचा कमी, तो पुढची धाव अर्ध्या भरलेल्या साठ्यावर सुरू करतो. पहिली धाव दोघांचीही सारखीच वेगवान असू शकते, फरक सातव्या-आठव्या धावेला दिसतो. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ येन्स बांग्सबो यांनी तयार केलेली यो-यो चाचणी नेमके हेच तपासते. वीस मीटर जाऊन वीस मीटर परत यायचे, दहा सेकंद सावकाश फिरून दम घ्यायचा आणि पुढच्या बीपला पुन्हा सुटायचे. दोन बीपमधला वेळ हळूहळू कमी होत जातो. या चाचणीतील कामगिरीचा सामन्यातील वेगवान धावांशी चांगला संबंध आढळला आहे, आणि तिला एक शिट्टी, चार खुणा आणि ध्वनिमुद्रण यापलीकडे काही लागत नाही.

सामन्याच्या शेवटी येणारा थकवा मात्र वेगळा असतो. २००६ मध्ये पीटर क्रुस्ट्रुप, बांग्सबो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या चौथ्या श्रेणीतील खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे मैत्रीपूर्ण सामन्यांच्या आधी, सामना चालू असताना आणि संपल्यावर सुईने काढून तपासले. स्नायूतील एकूण ग्लायकोजेन सामन्याअखेर सुमारे ४० टक्क्यांनी घटले होते. एवढ्यावरून वाटेल की अजून निम्म्याहून अधिक साठा शिल्लक आहे; पण एकेक स्नायूतंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा जवळजवळ निम्मे तंतू पूर्ण किंवा जवळपास रिकामे झालेले दिसले. सुरुवातीच्या परिच्छेदातील बचावपटूचे पाय जड होतात त्यामागे ही स्थिती हे एक संभाव्य कारण मानले जाते: जोर लावणाऱ्या तंतूंपैकी अनेकांकडे तेव्हा इंधनच उरलेले नसते.

स्वीडनमध्ये काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ मध्येच याची दुसरी बाजू दाखवली होती. आदल्या दिवशीच्या कठोर व्यायामामुळे ज्यांचा ग्लायकोजेनचा साठा सुरुवातीलाच निम्म्यावर आला होता, ते खेळाडू सुमारे ९.७ किलोमीटर धावले. भरल्या साठ्याने उतरलेले १२ किलोमीटर धावले. शिवाय पहिल्या गटाने निम्मे अंतर चालत कापले, दुसऱ्याने सुमारे पाव. अर्धव्यावसायिक खेळाडूच्या आठवड्याकडे या नजरेने पाहावे. सामन्यानंतर साठा पूर्ववत व्हायला दोन ते तीन दिवस लागू शकतात, त्यात दिवसभराचे उभे राहण्याचे किंवा ओझी उचलण्याचे काम, घाईत उरकलेले जेवण आणि संध्याकाळचा कडक सराव. अशा वेळी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खेळाडूंना घाम गाळायला लावणारा प्रशिक्षक तयारी करून घेत नसतो, तो उद्याचे इंधन आजच खर्च करत असतो. कडक सराव आठवड्याच्या मध्यावर घ्यावा आणि शेवटच्या दिवशी भात, पोळी, बटाटा अशा पिष्टमय पदार्थांचा भरणा ताटात वाढवावा, एवढ्या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

वरच्या आणि खालच्या श्रेणीतील फरक नेमका कशात आहे, याबद्दल दोन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असे वाटते. मागनी मोहर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की युरोपातील अव्वल संघाचे खेळाडू मध्यम दर्जाच्या व्यावसायिकांपेक्षा २८ टक्के अधिक अंतर वेगाने धावून कापतात आणि त्यांचे पूर्ण वेगाचे अंतर ५८ टक्क्यांनी जास्त असते. याउलट पॉल ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या तीन श्रेणींची तुलना केली, तेव्हा ताशी १९.८ किलोमीटरहून अधिक वेगाने कापलेले अंतर प्रीमियर लीगमध्ये सरासरी ६८१ मीटर, दुसऱ्या श्रेणीत ८०३ मीटर आणि तिसऱ्या श्रेणीत ८८१ मीटर भरले. चाचण्यांमध्ये शारीरिक क्षमता सारखीच होती. वरच्या श्रेणीत पास अधिक आणि अधिक अचूक होते. चेंडू गमावला की तो परत मिळवायला धावावे लागते, लांब चेंडू मारला की त्याच्यामागे धावावे लागते. म्हणून मला असे वाटते की सामन्यातील धाव ही क्षमतेबरोबरच खेळाच्या पद्धतीचाही आरसा आहे, आणि 'आपला मुलगा सर्वांत जास्त धावला' हे कौतुक अर्धवट माहितीवर केलेले असते.

धावेचा वेग आणि अंतर मोजणारे जीपीएसचे जॅकेट आता खालच्या श्रेणींतही दिसू लागले आहे, तेव्हा एक सावधगिरी सांगणे भाग आहे. पूर्ण वेगाच्या धावेची प्रचलित मर्यादा ताशी २५.२ किलोमीटर मानतात. ज्याचा कमाल वेग ३४ आहे त्याच्यासाठी हा ७४ टक्के जोर झाला, आणि ज्याचा २९ आहे त्याच्यासाठी तोच ८७ टक्के. दुसरा खेळाडू पूर्ण वेगाच्या धावांच्या यादीत तळाला दिसतो आणि प्रत्यक्षात शरीर पहिल्यापेक्षा अधिक ताणून घरी जातो. मर्यादा ज्याच्या-त्याच्या वेगावरून ठरवावी.

मध्यंतराकडेही सहसा दुर्लक्ष होते. मोहर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पुन्हा चौथ्या श्रेणीतील डॅनिश खेळाडूंकडेच पाहिले. जे खेळाडू पूर्ण विश्रांती घेत बसले त्यांच्या मांडीच्या स्नायूचे तापमान सुमारे २ अंशांनी उतरले आणि पूर्ण वेगाची धाव सुमारे २.४ टक्क्यांनी मंदावली. ज्यांनी मध्यंतराच्या उत्तरार्धात काही मिनिटे मध्यम गतीने धावून शरीर पुन्हा तापवले त्यांचा वेग टिकला. तीस मीटरच्या शर्यतीत २.४ टक्के म्हणजे जवळपास पाऊण मीटर, आणि चेंडूपर्यंत कोण आधी पोहोचणार हे ठरायला तेवढे पुरते.

या साऱ्यात सर्वाधिक झीज होते ती धावण्यापेक्षा थांबण्याने. वेगात असलेले शरीर अडवताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. वेगवान धावेत मांडीच्या मागच्या स्नायूवर, म्हणजे हॅमस्ट्रिंगवर, पाऊल पुढे पडण्याच्या आधीच्या क्षणी असाच ताण येतो, आणि थकलेला हॅमस्ट्रिंग तेथेच फाटतो. त्यावरचा उपाय साधा आहे. गुडघे टेकून उभे राहायचे, जोडीदाराने घोटे धरून ठेवायचे आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचे. हॅमस्ट्रिंगने जितके सावरता येईल तितके सावरायचे आणि शेवटी हातांवर पडायचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश प्रयोगात व्यावसायिक आणि हौशी मिळून ५० संघांचे ९४२ खेळाडू होते. ज्या संघांनी हा नॉर्डिक व्यायाम दहा आठवडे चढत्या प्रमाणात केला त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या संघांत ५२. या कार्यक्रमाचा पहिला आठवडा मुद्दाम हलका ठेवलेला होता: एकाच दिवशी, पाच-पाचच्या दोन फेऱ्या, कारण पहिल्यांदा करणाऱ्याच्या मांड्या त्यानंतर दोन-तीन दिवस चांगल्याच दुखतात.