श्रेय आणि मान : चित्रपट व सामूहिक कला (कोकण)

श्रेय आणि मान : अनेकांच्या हातून घडलेल्या कलाकृतीचे कर्तेपण कोणाकडे जाते, या प्रश्नात गुंतलेल्या दोन वेगळ्या गोष्टी. श्रेय केलेल्या कामाचे असते, मान पदाचा असतो. कोकणच्या गावरहाटीत हा फरक कोणाला शिकवावा लागत नाही. देवळात पहिला नारळ कोणाचा, पालखी प्रथम कोणाच्या दारी थांबायची, गाऱ्हाण्यात (देवापुढे घातलेल्या विनवणीत) कोणाचे नाव आधी घ्यायचे, हे मानाने ठरते. त्या वर्षी मांडव कोणी घातला आणि रात्रभर समईत तेल कोणी घातले, याचा तिथे हिशेब नसतो. चित्रपटाच्या नामावलीत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर येतात. ‘दिग्दर्शन : अमुक’ हे श्रेय झाले, ‘अमुक यांचा चित्रपट’ हा मान. नामवंत दिग्दर्शकाला सामूहिक कामाचे श्रेय द्यावे का, हा वाद पुष्कळदा मानाचा असतो आणि तो श्रेयाच्या नावाने भांडला जातो.

भारतीय चित्रपटाच्या आरंभीचा या प्रकारचा सर्वांत मोठा वाद कोकणातल्या माणसाशी निगडित आहे. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे (जन्म १८९०) हे मूळचे मालवण परिसरातले. त्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभराने आला. तरीही पहिला भारतीय कथापट म्हणून फाळके यांच्या चित्रपटाचे नाव घेतले जाते. त्यासाठी तीन कारणे दिली जातात : तोरणे यांनी एका मराठी नाटकाचा प्रयोग चित्रित केला, कॅमेरा जॉन्सन नावाच्या इंग्रजाने चालवला आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली.

यांतले पहिले कारण वजनदार आहे. आधी बसवलेला प्रयोग टिपणे आणि पडद्यासाठी कथा रचणे ही कामे सारखी नाहीत. दुसरे कारण मात्र टिकत नाही. फाळके यांनीही कॅमेरा स्वतः चालवला नव्हता, ते काम त्र्यंबक तेलंग यांनी केले. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने मोडायला दिले, रात्री कच्च्या फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली आणि सबंध चमूचा स्वयंपाक केला. तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके यांनी ती केली. यामुळे फाळके यांचे मोठेपण कमी होत नाही. लंडनला जाऊन तंत्र आत्मसात करणे, यंत्रसामग्री आणणे, कथा, दिग्दर्शन, कारखाना उभारणे हा पसारा त्यांनीच मांडला. पण दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता म्हणून एकाचे कर्तेपण उणे धरायचे आणि दुसऱ्याच्या बाबतीत तीच गोष्ट नजरेआड करायची, हा न्याय नव्हे. तोरणे यांचे सहकारी परके होते म्हणून ठळक दिसले. फाळके यांचे सहकारी घरचे होते, त्यामुळे ते त्यांच्या नावात विरघळून गेले. सरस्वतीबाईंच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

पुढच्या काळात कोकणचा या प्रश्नाशी संबंध आला तो साहित्याच्या वाटेने. वेंगुर्ले तालुक्यातले चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांच्या दोन कादंबऱ्यांवर त्यांच्या मृत्यूनंतर लगोलग चित्रपट निघाले : व्ही. शांताराम यांचा ‘चानी’ (१९७७) आणि श्याम बेनेगल यांचा ‘कोंडुरा’ (१९७८). कोंडुरा हे वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावरचे खरे ठिकाण. बेनेगल यांनी कथा आंध्रच्या खेड्यात नेली आणि चित्रपट हिंदीबरोबर तेलुगूतही (‘अनुग्रहम’) केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते. कादंबरीतले गूढ आणि माणसाला आतून पोखरणारी भीती लेखकाची, पडद्यावरचा उजेड-अंधार छायाचित्रकाराचा; मग दिग्दर्शकाचे काय? तर समुद्राकाठची कथा किनाऱ्यावरून उचलण्याचा निर्णय, पात्रांची निवड, काय ठेवायचे आणि काय गाळायचे याची जबाबदारी. हे काम कमी प्रतीचे नाही. मात्र हा निर्णय ज्या कथेवर घेतला गेला, ती बेनेगल यांची नव्हती. ‘बेनेगल यांचा कोंडुरा’ म्हणणारा माणूस नकळत खानोलकरांचे गाव पुसून टाकतो.

सिंधुदुर्गातल्या दशावताराने, म्हणजे पौराणिक आख्यानांच्या लोकनाट्याने, हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. ही कला श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये कोकणात आणली असे परंपरा सांगते. तेही एका माणसाच्या नावावर बसवलेले श्रेयच आहे. पण प्रत्यक्ष प्रयोगात कर्ता शोधू गेले तर हाती लागत नाही. जत्रेतल्या धयकाल्याला (दशावताराच्या रात्रीच्या खेळाला) लिहिलेली संहिता नसते. कुठले आख्यान लावायचे हे ठरते, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो आणि नट रंगभूषा करता करता आपापला भाग मनात जुळवतात. संवाद उभ्या उभ्या सुचतात. राजापार्टीने टाकलेला शब्द स्त्रीपार्टी करणारा नट झेलतो, हार्मोनियमवर बसलेला हरदास प्रसंग पाहून पद सुरू करतो, पखवाजवाला लढाईची लय धरतो. रंगमंचावर मांडलेले एक बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत. त्या रात्रीची रचना या सगळ्यांची मिळून असते आणि पहाटे ती संपते. तशीच ती पुन्हा होत नाही.

असे असूनही मंडळाला नाव असते ते मालकाच्या घराण्याचे : मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर. पेटारा (खेळाच्या सामानाची पेटी) ज्याचा, मंडळ त्याचे. मालकाने नटांना जमवलेले असते, जत्रांच्या तारखा धरलेल्या असतात, नफा-तोटा अंगावर घेतलेला असतो. तेव्हा हा मान त्याला मिळणे योग्यच आहे. मात्र प्रेक्षक त्याला श्रेय समजत नाहीत. जाणकार रसिक ‘अमक्याचो राजा बघूक जातंव’ असे म्हणतो, मंडळाचे नाव नंतर घेतो. नट एका मंडळातून दुसऱ्यात गेला की त्याच्याबरोबर प्रेक्षकही हलतात. मंडळाच्या नावात मान राहतो आणि लोकांच्या तोंडी श्रेय राहते, ही विभागणी चित्रपटसृष्टीला अजून जमलेली नाही. रत्नागिरीकडच्या जाखडी या समूहनृत्यात शाहीर गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचे आणि गुरूचे नाव गुंफतो. ढोलकीवाल्याला आणि फेर धरणाऱ्यांना तसे कडवे नसते.

मालवणी रंगभूमीवर ‘वस्त्रहरण’चे (१९८०) उदाहरण बोलके आहे. नाटक गंगाराम गवाणकर यांनी लिहिले. प्रयोगांची संख्या पाच हजारांपलीकडे गेली आणि ते लोकांच्या मनात मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचामुळे रुजले. दोघांचाही वाटा खरा आहे. एकाचे नाव घेण्यासाठी दुसऱ्याचे गाळावे लागत नाही.

पाश्चात्त्य समीक्षेत दिग्दर्शकालाच चित्रपटाचा लेखक मानणारा विचार फ्रांस्वा त्रुफो यांच्या १९५४ च्या लेखापासून पसरला. समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६२ मध्ये तो अमेरिकेत मांडला. उलट बाजूने समीक्षक पॉलीन केल यांनी १९७१ मध्ये ‘सिटिझन केन’च्या (१९४१) पटकथेचे श्रेय दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्याकडून काढून सहपटकथाकार हर्मन मँकिविच यांना देण्याचा प्रयत्न केला. पुढे पटकथेच्या मसुद्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात वेल्स यांचाही हात असल्याचे स्पष्ट झाले. पटकथेचे ऑस्कर त्या दोघांना मिळूनच मिळाले होते. स्वतः वेल्स यांनी छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांचे नाव आपल्या नावाबरोबर एकाच पाटीवर दाखवले. पुण्याला आलेल्या प्रभातने ‘संत तुकाराम’चे (१९३६) दिग्दर्शन दामले-फत्तेलाल या जोडनावाने लावले, ही त्याच जातीची सरळ रीत.

भारतीय कायदा या वादात दिग्दर्शकाच्या बाजूने नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो कर्ता, हा पेटाऱ्याचाच न्याय झाला. प्रमुख दिग्दर्शकाला सहकर्ता धरण्याची सूचना दुरुस्ती विधेयकात आली होती, पण २०१२ च्या दुरुस्तीत ती राहिली नाही. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) वाटा मात्र सुरक्षित केला आणि नटाला आपल्या कामाशी आपले नाव जोडले जावे असा हक्क दिला.

नामवंत दिग्दर्शकाला श्रेय द्यावेच, पण ते निवडीचे, जोडणीचे आणि नकाराचे असे नेमक्या शब्दांत द्यावे. कोकणात चित्रीकरण होते तेव्हा ही नेमकी नोंद सर्वाधिक राहून जाते ती भाषेची. मालवणी न येणाऱ्या नटाला ‘गेलंय’ आणि ‘गेलंव’ यांतला फरक कोणीतरी बसवून देतो. कुठल्या वाडीतली बाई कशी हेल काढते, भरतीच्या वेळी होडी कुठून काढायची, गाऱ्हाणे घालताना मध्ये मध्ये ‘व्हय म्हाराजा’ कोणी म्हणायचे, हे तोच माणूस सांगतो. प्रेक्षक ज्याला ‘दिग्दर्शकाचे कोकण’ म्हणून दाद देतात, त्यातले कितीतरी त्याच्या तोंडून आलेले असते. त्याच्या कामाला ‘बोलीभाषा मार्गदर्शन’ असे साधे नाव आहे. ते न देता त्याला ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली, ग्रामपंचायत आणि खाणावळीच्या मधल्या ओळीत घातले जाते.